दोर माझ्या हातात होता

चढाईचे बूट मापापेक्षा एक नंबर लहान घेतात. ते पायाला इतके घट्ट बसतात, की बोटं आत दुमडून राहतात, आणि तासाभरानं बूट काढले की बोटं बधिर झालेली असतात. मग दगडावर बसून बोटं चोळायची, मुंग्या जायची वाट बघायची, हसायचं. आम्ही सगळेच असं करतो. म्हणून पायाच्या बोटांना पहिल्यांदा मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत, तेव्हा मी बुटांना दोष दिला. दोन दिवसांनी मुंग्या घोट्यापर्यंत आल्या. तरी मी बुटांनाच दोष दिला.

मी हैदराबादमध्ये बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला चांगलं लिहिता येतं असं नाही. मराठी मी घरी बोलत शिकले आणि लिहायला आईनं शिकवलं, तेही पाटीवर. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण आईला वाचता यावं आणि बाबांना तिनं वाचून दाखवावं. आणि ज्यांना हा आजार होईल, त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर बरं. औषधांचं मला काही कळत नाही. मला काय वाटलं आणि मी काय चुकले, तेवढंच सांगते.

अक्का

आधी सुजाता अक्कांबद्दल सांगायला हवं. त्या एका शाळेत खेळ शिकवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंची माझ्या खांद्याएवढी. दर रविवारी सकाळी त्या आम्हा सात-आठ मुलामुलींना शहराच्या कडेला, जिथे इमारती संपून ग्रॅनाइटचे मोठे गोल खडक सुरू होतात, तिथे नेतात. तेलुगू त्यांची घरची भाषा. आमच्याशी त्या इथल्या हिंदीत बोलतात, आणि रागावल्या की तेलुगूत.

त्यांची पहिली शिकवण अशी, की दगडावर चढायच्या आधी दगड ओळखायचा. सगळे दगड एकसारखे चढता येत नाहीत. आमचा ग्रॅनाइट खरखरीत असतो. त्याच्या उतरत्या पाठीवर, जिला आम्ही स्लॅब म्हणतो, धरायला काही नसतं. तिथे हात विसरायचे आणि पायावर विश्वास ठेवायचा. टाच खाली, पोट दगडापासून लांब, पावलं लहान. भीती वाटली की माणूस दगडाला मिठी मारतो, आणि मिठी मारली की पाय सुटतो. ग्रॅनाइटला भेग असेल, तर तिच्यात पंजा सपाट घालायचा आणि अंगठा आत दुमडायचा. पंजा फुगतो आणि अडकतो. ओढायची गरज पडत नाही.

एकदा त्यांनी आम्हाला बदामीला नेलं. तिथला लाल वालुकाश्म वेगळाच. सरळ उभा, पण त्यात आडव्या पट्ट्या, बोटांना छान धार मिळते. संध्याकाळी पावसाची सर आली आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तरी अक्कांनी कुणाला दगडाला हात लावू दिला नाही. वालुकाश्म आत ओला असला की कमजोर होतो, धार हातात तुटून येते. आम्ही दिवसभर खडकांच्या सावलीत बसून शेंगा खाल्ल्या. एक मुलगा म्हणाला, “अक्का, ऊपर से तो सूखा दिखरा.”

“अंदर का तेरे को दिखता क्या?” अक्का म्हणाल्या.

आणि आमच्या नांदेडकडच्या काळ्या कातळासारखा दगड असेल, तर प्रत्येक पकड आधी तळव्यानं ठोकायची. तो थरांचा असतो. आवाज भरीव आला तर धरायची. पोकळ आला तर सोडायची. आणि पकड नेहमी खाली दाबायची, बाहेर ओढायची नाही.

हे ऐकून बाबा खूश झाले होते. बाबा कुकटपल्लीत एका कारखान्यात ग्रॅनाइट कापायचं आणि पॉलिश करायचं काम करतात, ओट्याच्या फरशा. मी चढायला जाते हे कळलं तेव्हा ते म्हणाले होते, “मी जनमभर दगड कापायलोय अन् तू त्याच्यावर चढायलीस? वा गं वा!” पण ठोकून बघायचं ऐकल्यावर म्हणाले, “बाई जानती आहे तुझी. आम्ही बी फरशी ठोकूनच घेतो. तडा दिसत नाही, ऐकू येतो.”

ठीक?

आमच्यात एक रीत आहे. चढणारा कमरेला दोर बांधतो. दोर वर खडकात ठोकलेल्या खिळ्याच्या कडीतून जाऊन खाली येतो आणि खाली उभा असलेला माणूस त्याचं दुसरं टोक आपल्या कमरेच्या कडीतून घेऊन सांभाळतो, म्हणजे बराचसा भार कडीच घेते. चढणारा घसरला तर त्यानं दोर अडवायचा. चढायच्या आधी दोघांनी एकमेकांची गाठ हातानं तपासायची. मग चढणाऱ्यानं विचारायचं, “ठीक?” खालच्यानं नीट विचार करून “ठीक” म्हणायचं. डोकं दुखत असेल, झोप झाली नसेल, काहीही असेल, तर ते इथे सांगायचं. अक्का म्हणतात, हा नमस्कार नाही, हा प्रश्न आहे.

त्या रविवारी अक्का चढणार होत्या आणि दोर माझ्याकडे होता. घरून निघताना जिना उतरताना माझा पाय दोनदा लटपटला होता. सकाळी वेणी घालताना बोटं जड वाटली होती. अक्कांनी गाठ तपासली, विचारलं, “ठीक?”

मी म्हणाले, “ठीक.”

का म्हणाले, यावर मी नंतर खूप विचार केला. मला वाटतं मला सवयच ती होती. कॉलेजात समजलं नाही तरी समजलं म्हणायचं, भूक लागली तरी नाही म्हणायचं. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये.

अक्का वरच्या टप्प्यावर घसरल्या. असं होतं, त्यात विशेष काही नाही. मी दोर आवळायला गेले, पण हातानं आवळला नाही. मी सांगत होते आणि हात ऐकत नव्हता. दोर सरसर निसटत गेला. शेवटी मी दोन्ही हातांनी तो मांडीशी दाबून धरला, तेव्हा तो थांबला. अक्का तोवर दोन माणसांच्या उंचीएवढ्या खाली आल्या होत्या. त्यांचं कोपर सोलून निघालं होतं.

त्या खाली उतरल्या. मी रडत माफी मागत होते. त्यांनी स्वतःच्या कोपराकडे पाहिलंही नाही. माझा हात उलटा करून पाहिला. दोरानं तळहाताची कातडी भाजून निघाली होती, लाल पट्टा उठला होता.

“दुखरा?” त्यांनी विचारलं.

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दुखायला हवं तसं दुखत नव्हतं.

“कब से?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी माझे बूट काढले आणि मला सरळ रिक्षात बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या एकदाही रागावल्या नाहीत. तेलुगूतही नाही.

हातोडी

डॉक्टरांनी रबराच्या हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्याला ठोकलं, घोट्याला, कोपराला. काहीच नाही. बाबा कारखान्यातून तसेच आले होते, अंगावर दगडाची पांढरी भुकटी. ते त्या हातोडीकडे बघत होते. त्यांना वैद्यकातलं काही कळत नाही, पण ठोकल्यावर उत्तर आलं नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

नसांना विजेचे बारीक झटके देऊन तपासणी झाली, पाठीतून पाणी काढलं. मग नाव सांगितलं, गुलेन बॅरी सिंड्रोम. पंधरा दिवसांपूर्वी माझं पोट बिघडलं होतं. त्यानंतर शरीर चुकून आपल्याच नसांवर उठतं, असं डॉक्टर म्हणाले. पायापासून सुरू होऊन वर चढतं. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. आणि किती वर चढेल ते आधी सांगता येत नाही.

आईला “वर चढतं” एवढंच ऐकू आलं. “त्या दगडांनीच केलं,” ती म्हणाली. “अन् त्या बाईनं.” अक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांना मराठी फारसं येत नाही, पण एवढं कळलं. त्या गेल्या नाहीत. फक्त जिन्यात जाऊन बसल्या.

मधले आकडे

वॉर्डात दिवस आकड्यांवर चालायचा. सकाळी सहाला ताप आणि रक्तदाब, आठला इडली आणि पातळ सांबार, मग सलाइनमधून औषध, पाच दिवस रोज. आणि दर चार तासांनी सिस्टर यायच्या आणि सांगायच्या, मोठा श्वास घे आणि एका श्वासात जमेल तेवढं मोज. श्वासाचे स्नायू दमले आहेत का, ते त्यावरून कळतं.

पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत मोजलं. दुसऱ्या सकाळी बावीस. दुपारी एकोणीस. डॉक्टर म्हणाले होते की आकडा फार खाली आला तर आयसीयूत हलवू, कदाचित श्वासाचं मशीन लागेल. आयसीयूत आईबाबांना जवळ बसू देत नाहीत. त्या भीतीनं मी जे केलं, ते लिहायची लाज वाटते. पण दुसऱ्या कुणी करू नये म्हणून लिहिते.

सिस्टर केरळच्या होत्या. मी म्हटलं, मला मराठीतच मोजता येतं. त्यांनी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोजायला लागले आणि घाईघाईत मधले आकडे गाळले. दहा, अकरा, चौदा, पंधरा, अठरा, वीस. श्वास संपला. मी बोटांनी दोन आणि शून्य दाखवलं. सिस्टरनी वीस लिहिलं.

बाबा चहाचा थर्मास घेऊन पायाशी उभे होते. ते म्हणाले, “बारा-तेरा कुठं गेले गं?”

मी थर्मासकडे बघत राहिले.

“सोळा-सतरा? मी दिसभर फरशा मोजतो, माय. मधली एक जरी गेली तरी कानाला कळतंय.” मग ते सिस्टरकडे वळले. “सिस्टर, फिर से गिनाओ. बीच के नंबर खा गई ये.”

सिस्टरना हसू आलं, पण त्यांनी लगेच पुन्हा मोजायला लावलं. या वेळी बाबा बरोबर मोजत होते, प्रत्येक आकड्याला पलंगाच्या दांडीवर बोट ठोकत. मी चौदावर संपले.

दुपारी मला आयसीयूत हलवलं. मी बाबांकडे बघितलं नाही, मला त्यांचा राग आला होता. संध्याकाळी आकडा नऊवर आला. नळी घालायची सगळी तयारी तिथे आधीच होती, म्हणून धावपळ झाली नाही. नंतर डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, की वॉर्डात हे अचानक झालं असतं तर अवघड होतं. बाबांनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. मला ते सिस्टरकडून कळलं.

मशीनवर

नऊ दिवस मी मशीनवर होते. हात उचलत नव्हता, बोलता येत नव्हतं. सगळं ऐकू यायचं. त्या दिवसांबद्दल एवढंच सांगते, की भीती दिवसभर सारखी नसते. ती येते आणि जाते. सिस्टरनी ओठांना ओला कापूस लावला की ती थोडा वेळ जायची.

तिथे एकेकालाच पाच मिनिटं आत सोडत. एके दिवशी आईनं आपली पाच मिनिटं अक्कांना दिली. का दिली, तिला अजून सांगता येत नाही. “बाई रोज जिन्यात बसायली,” एवढंच म्हणते.

अक्का आत आल्या आणि विचारलं, “ठीक?” एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा तर नाही, असं ठरलेलं होतं.

मी एकदा मिटली.

“ये नमस्ते नहीं है,” त्या म्हणाल्या. “सवाल है.”

मी दोनदा मिटली. मग त्या एकेक विचारत गेल्या. डोकं? मान? पाठ? पाय? पायाला मी दोनदा मिटली. चादरीची घडी डाव्या टाचेखाली दाबली गेली होती आणि सकाळपासून तिथे आग होत होती. त्यांनी सिस्टरना विचारून टाच उचलली, घडी सरळ केली. त्या क्षणाइतकं सुख मला क्वचितच झालं असेल.

जाताना त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं. खपली पडून गेली होती. “देख, सूख गया. अंदर से भी,” त्या म्हणाल्या. मला माफी मागायची होती आणि तोंडात नळी होती. मला विचारायचं होतं, की तुम्ही पुन्हा कधी माझ्या हातात दोर द्याल का. चालता येईल का, हा प्रश्न सगळे विचारत होते. माझ्या मनात हा होता.

भाकरी

नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता. मग फिजिओथेरपी सुरू झाली. मॅडम माझं पाऊल धरून वर दाबायच्या, म्हणजे पोटरी आखडू नये, आणि म्हणायच्या, टाच खाली, टाच खाली. मला हसू यायचं. त्यांना वाटायचं दुखतंय.

घरी आल्यावर हातांचं काम आईनं घेतलं. स्पंजचा चेंडू दाबायला दिला होता, तो तिनं बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर ज्वारीचं पीठ ठेवलं. “मळ,” म्हणाली. “अन् थाप.” पहिल्या महिन्यात माझ्या भाकरीचे तव्यावर जाईपर्यंत चार तुकडे व्हायचे. बाबा ते तुकडे जुळवून ताटात लावायचे. “फरशी बसवायलोय,” म्हणायचे.

एका रविवारी चढाई आटोपून अक्का घरी आल्या. आई त्यांच्याशी फार बोलत नसे. अक्कांनी हात धुतले आणि न विचारता पिठाचा गोळा घेऊन माझ्या शेजारी थापायला बसल्या. ज्या हातांनी त्या उभा दगड चढतात, त्या हातांची भाकरी माझ्यापेक्षाही वाईट झाली. आईनं थोडा वेळ बघितलं. मग राहवेना म्हणून त्यांचे दोन्ही हात धरले.

“अहो बाई, बोटानं नाही. तळहातानं. फिरवत न्यायची.”

“पूरा हाथ?”

“हौ, पूरा हाथ.”

“ये तो स्लॅब है,” अक्का मला म्हणाल्या. “पकडना नहीं, भरोसा करना.” आईला ते कळलं नाही, पण त्या दिवशी तिनं अक्कांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मला अक्कांचं कौतुक चढाईमुळे वाटतं असं लोकांना वाटतं. त्यांच्यापेक्षा मोठ्या टप्प्यावर चढणारे पुष्कळ असतील. पण ज्या मुलीनं आपल्याला पाडलं, तिच्यासाठी दवाखान्याच्या जिन्यात आणि तिच्या घरी जमिनीवर येऊन बसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सातव्या महिन्यात

सातव्या महिन्यात मी खडकांपाशी गेले. काठी घेऊन, डाव्या पायाला पट्टा लावून, कारण डावं पाऊल अजून पूर्ण उचलत नाही. बाबाही आले. इतकी वर्षं दगड कापला, पण उभा दगड ते कधी बघायला आले नव्हते. त्यांनी आधी खडकाला बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला आणि मान हलवली. पसंत पडल्यासारखी.

मला वाटलं होतं मी सावलीत बसून बघेन. अक्कांनी कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्यापुढे धरलं.

मी हात मागे घेतला. “अक्का, नक्को.”

त्यांनी टोक तसंच धरून ठेवलं. मग मी घेतलं. आम्ही एकमेकींच्या गाठी तपासल्या. माझ्या बोटांना वेळ लागला. त्या थांबल्या.

“ठीक?”

मी म्हणाले, “डाव्या पायावर जोरात उभं राहता येत नाही. उजवी मूठ पक्की आहे, पण लवकर दमते. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना अजून मुंग्या आहेत. आणि मला भीती वाटते.”

हिंदीत, मराठीत, जसं सुचलं तसं म्हणाले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला एका खडकाला टेकून बसवलं, मागच्या दगडाला पट्ट्यानं बांधलं, म्हणजे पायावर भार येऊ नये. दोराचं शेपूट माझ्यामागे बाबांच्या हातात दिलं आणि दोराला दर हातभर अंतरावर एक गाठ मारत जायला शिकवलं, म्हणजे माझा हात सुटलाच तर दोर गाठीपाशी अडेल.

“अब ठीक?”

“ठीक.”

त्या चढू लागल्या. मी दोर ओढून घेत होते. माझ्यामागे बाबा गाठी मारत होते आणि मोठ्यानं मोजत होते. एक. दोन. तीन. होता होता बारा. तेरा. एकही गाळला नाही.

जिथून त्या घसरल्या होत्या तिथे पोचल्यावर अक्का थांबल्या. खाली बघितलं. आणि मुद्दाम दोन्ही हात सोडून दोरावर बसल्या.

दोर ताणला. त्यांचा भार कडीतून माझ्या मुठीपर्यंत आला. तळहाताला दोराचा पीळ जाणवला, खरखरीत. आणि तो दुखला. दुखतोय हे कळल्यावर मला रडू आलं, पण मूठ सुटली नाही. बाबांचं मोजणं थांबलं होतं.

वरून आवाज आला. “वर्षा, ठीक?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी एकेक बोट बघितलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग मान वर करून त्यांना सांगितलं.